घंटेवरचा क्रूस आणि घडवणाऱ्याचा देव

कामथडीच्या पंचक्रोशीत नसरापूरच्या बनेश्वराची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. नानासाहेब पेशव्यांनी 1749 च्या सुमारास बांधलेले शिवमंदिर, भोवतीचे बन, कुंडातले पाणी, श्रावणातली गर्दी हे सगळे तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेले आहे. अंगवळणी पडल्यामुळेच तिथल्या घंटेचा विचार फारसा होत नाही. त्या घंटेवर 1683 हे साल आहे आणि क्रूस आहे. चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या मुलखातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि घाट चढून देशावरच्या देवळांत आल्या. बनेश्वरची घंटा त्यांतलीच एक. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर अशीच एक घंटा आहे, 1707 सालची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा 1721 ची. येशूच्या उपासनेसाठी ओतलेला धातू अशा रीतीने पावणेतीनशे वर्षे शंकरापुढे वाजतो आहे, आणि घंटा वाजवून गाभाऱ्याकडे वळणाऱ्या माणसाला आपली पूजा त्या क्रुसामुळे उणी पडली असे वाटत नाही. त्याचे हे न वाटणे बरोबर आहे की केवळ अज्ञान आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तो व्यापक करून मांडला तर असा होतो: घडवणाऱ्याचा देव घडवलेल्या वस्तूत उतरतो का?

माझे उत्तर आहे की उतरत नाही. वस्तूत उतरते ती कारागिराची समज, त्याची मेहनत, त्याच्या हाताची सफाई. त्याची श्रद्धा त्याच्याजवळच राहते आणि त्याच्याबरोबर जाते. हे उत्तर सोपे वाटेल, पण ते नीट लावून धरले तर अनेक प्रिय समजुती सोडाव्या लागतात. अमुक वाद्य आपले आणि तमुक परके, अमुक वस्तू बाटलेली आणि तमुक शुद्ध, या म्हणण्याला मग आधार उरत नाही. आणि ज्या माणसाची वस्तू आपण देवापुढे नेतो, त्या माणसाला देवापासून दूर ठेवण्याची एक जुनी, क्रूर रीत तर पूर्णच उघडी पडते. त्यामुळे उत्तर पारखूनच घेतले पाहिजे.

पारखायचे तर जिथे कारागिराने आपला देव वस्तूच्या आत मुद्दाम लिहून ठेवला, असे उदाहरण घ्यावे. उत्तर इटलीतल्या क्रेमोना गावी 1698 मध्ये ज्युसेप्पे ग्वार्नेरी जन्मला. त्याचे आजोबा आंद्रेआ हे निकोलो अमातीच्या घरी राहून व्हायोलिन बनवायला शिकलेले. वडीलही त्याच धंद्यात. व्हायोलिनच्या पोटात, इंग्रजी एफसारख्या फटीतून डोकावले तर दिसेल अशी, कारागिराच्या नावाची कागदी चिठ्ठी चिकटवायची तिथे पद्धत होती. ग्वार्नेरी घराण्याच्या चिठ्ठ्यांवर संत तेरेसाचे नाव असे. ज्युसेप्पेने साधारण 1731 पासून ते बदलले आणि येशूच्या नावाची तीन अक्षरे क्रुसासह छापली. त्यावरून जग त्याला ‘देल जेझू’, म्हणजे येशूचा, म्हणू लागले. त्याच गावात थोरल्या पिढीतला स्ट्रादिवारी 1737 पर्यंत, नव्वदी ओलांडूनही, काम करत होता आणि राजेरजवाड्यांची मागणी त्याच्याकडे होती. ज्युसेप्पेला तसे आश्रयदाते मिळाले नाहीत. 1744 मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याची आज दीडशेच्या आसपास व्हायोलिने शिल्लक आहेत, तर स्ट्रादिवारीची वाद्ये साडेसहाशेच्या घरात. ज्युसेप्पेने काही व्हायोलिने तुरुंगात बसून बनवली अशी एक दंतकथा पुढे पसरली. तिला कागदपत्रांचा आधार नाही.

त्याचे काम जवळून पाहिले की त्या चिठ्ठीची खरी जागा कळते. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसची, आल्प्सच्या थंडीत सावकाश वाढलेल्या झाडाची, जिची वर्षवलये दाट आणि सरळ असतात. खालची फळी मेपलची. दोन्ही फळ्यांना बाहेरून फुगवटा आणि आतून पोकळी पटाशीने आणि अंगठ्याएवढ्या रंध्याने काढतात. वरची फळी शेवटी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची उरते. जास्त उरली तर आवाज कोंडतो, कमी उरली तर तारांच्या ताणाखाली फळी बसते. कारागीर फळी कानाशी धरून बोटाने ठोकतो, वाकवून पाहतो, पुन्हा थोडे खरवडतो. सगळे जोडकाम जनावराच्या कातड्याच्या सरसाने होते, कारण तो सांधा पुढे दुरुस्तीसाठी गरम पात्याने उघडता येतो. ज्युसेप्पेच्या अखेरच्या वर्षांतल्या वाद्यांवर घाई दिसते: दोन बाजूंच्या फटी एकमेकींशी जुळत नाहीत, मानेवरची गुंडाळी ओबडधोबड कोरलेली, हत्यारांच्या खुणा तशाच ठेवलेल्या. पण जिथे आवाज ठरतो तिथे हात चुकलेला नाही. हे सगळे लाकडात उतरले. चिठ्ठी मात्र सरसाने चिकटवलेला कागद आहे. ती काढली तरी एकही स्वर बदलणार नाही.

यावर कुणी म्हणेल, चिठ्ठी ही नुसती रीत असेल, आपल्याकडे हिशेबाच्या वहीवर ‘श्री’ लिहितात तशी. असेलही. पण ती मनापासूनची होती असे धरले तरी पुढे जे घडले ते पाहावे. 1743 मध्ये ज्युसेप्पेने बनवलेले एक व्हायोलिन पुढच्या शतकात निकोलो पागानिनीच्या हाती आले. त्याच्या भरदार आवाजामुळे ते ‘तोफ’ म्हणून ओळखले जाते. पागानिनीचे वादन ऐकून युरोपातल्या कित्येक श्रोत्यांची खात्री पटली की या माणसाने सैतानाशी करार केला आहे. 1840 मध्ये तो नीस शहरात अंतिम संस्कार न घेता वारला तेव्हा तिथल्या बिशपने त्याला पवित्र भूमीत दफन करू दिले नाही, आणि पार्मात त्याला कायमची जागा मिळायला 1876 उजाडले. ज्याच्या वाद्यांच्या पोटात येशूचे नाव असे त्या कारागिराचे वाद्य श्रद्धाळू ख्रिस्ती श्रोत्यांना सैतानाचे वाटले. घडवणाऱ्याची भक्ती जर वस्तूत खरोखर मुरत असती, तर निदान त्याच्याच धर्माच्या लोकांना ती ऐकू यायला हवी होती. ऐकणाऱ्यांनी वाजवणाऱ्याविषयीची आपली भीती त्या आवाजात ऐकली.

याला आधुनिक काळातला एक जोडही आहे. 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी 21 वादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रादिवारीची, एक ज्युसेप्पेचे. लाकडाच्या आणि रोगणाच्या वासावरून ओळखता येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूला अत्तराचा थेंब लावला होता. बहुतेक वादकांनी पसंत केलेले व्हायोलिन नवे निघाले, आणि जुने कोणते हे वादकांना भरवशाने सांगता आले नाही. यावरून क्रेमोनाचे कारागीर सामान्य होते असे मुळीच ठरत नाही. नव्यांचे कौशल्य त्यांच्याच पायवाटेने चालून त्यांच्या बरोबरीला पोचले, एवढे ठरते. पण नाव, वय, वलय या गोष्टी आवाजात नसून आपल्या माहितीत असतात, हेही ठरते. शिवाय क्रेमोनाच्या त्या काळच्या बहुतेक सगळ्या व्हायोलिनांच्या माना एकोणिसाव्या शतकात बदलून जास्त लांब आणि तिरक्या बसवल्या गेल्या, आतली आधारपट्टी जाड केली गेली. आज ऐकू येणारा आवाज ज्युसेप्पेने स्वतः कधी ऐकलेलाच नाही.

आपल्या परंपरेत या सगळ्याला चपखल बसणारी एक मांडणी आहे. न्याय-वैशेषिकांनी कार्याची कारणे वेगवेगळी केली. मडक्यात माती राहते, म्हणून माती हे समवायी कारण. कुंभार, चाक, काठी ही निमित्त कारणे. मडके झाले की त्यांचे काम संपते. कुंभार मेला तरी मडके फुटत नाही. कर्ता कुणाला म्हणायचे याचे नैयायिकांनी दिलेले लक्षणही नेमके आहे: ज्याच्याजवळ सामग्रीचे प्रत्यक्ष ज्ञान आहे, ते घडवण्याची इच्छा आहे आणि तसा प्रयत्न आहे तो कर्ता. म्हणून मडके पाहून आपण अनुमान करतो की कुणातरी माहीतगाराने हे इच्छेने आणि प्रयत्नाने घडवले. त्या कुंभाराचे कुलदैवत कोणते, हे मडक्यावरून कळत नाही आणि ते कळावे अशी अपेक्षाही त्या लक्षणात नाही. माझ्या उत्तराचे तात्त्विक बळ इथे आहे.

पहिला गंभीर आक्षेप इथेच येतो. वस्तू हेतूवाचून घडत नाही, आणि हेतू तिच्या आकारातच कोरलेला असतो. खुर्ची बसण्यासाठी आहे हे खुर्ची स्वतः सांगते. मग चर्चसाठी झालेली वस्तू तिच्या आकारातच चर्च घेऊन येणार नाही का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि पेटीच्या इतिहासात ते दिसते. हार्मोनियम 1842 मध्ये पॅरिसला देबँ याने पेटंट केले. युरोपात ते लहान चर्चमधले ऑर्गनचे परवडणारे रूप होते, आणि हिंदुस्थानात ते मिशनऱ्यांबरोबरही आले. ऑल इंडिया रेडिओने 1940 च्या मार्चपासून त्यावर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक टिकली. बंदी घालणाऱ्यांचा मुद्दा वाद्याच्या धर्माचा नव्हता. पेटीचे स्वर पक्के बांधलेले असतात, तिच्यात मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे बसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे निराधार नव्हते. म्हणजे आकार काहीतरी घेऊन येतो हे मान्य केले पाहिजे. पण काय घेऊन येतो ते तपासावे. तो सोयी आणि अडचणी घेऊन येतो. पेटीने मींड अडवली, येशूची प्रार्थना करायला कुणाला भाग पाडले नाही. आणि अडचणींवर दुसरे कारागीर, दुसरे वादक काम करतात. कलकत्त्यात पायाच्या भात्याऐवजी हाताचा भाता आला आणि वाद्य जमिनीवर उतरले. महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी त्याच बांधलेल्या स्वरांतून गाणे काढले. आज गावोगावच्या भजनात टाळमृदंगाच्या जोडीला पेटी असते आणि विठ्ठलाला ती परकी वाटत असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

व्हायोलिनच्या बाबतीत तर आकारच आपल्या बाजूचा निघाला. त्याच्या मानेवर पडदे नाहीत, त्यामुळे बोट सरकवून गळ्यातली हरएक हालचाल काढता येते. मद्रासेत बालुस्वामी दीक्षितरांनी, म्हणजे मुथुस्वामी दीक्षितरांच्या धाकट्या भावाने, हे वाद्य एका युरोपीय वादकाकडून शिकून कर्नाटक संगीतात आणले असे मानले जाते. तंजावरला मराठी भाषक भोसल्यांच्या दरबारात दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) पाश्चात्त्य वाद्यवृंद बाळगून होते. त्या सरफोजींचे शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले, आणि तरी ते अखेरपर्यंत हिंदू राजाच राहिले. एका शतकाच्या आत त्यागराजांची कृती व्हायोलिनच्या साथीशिवाय गाणे कुणाला सुचेनासे झाले. महाराष्ट्रात गजाननबुवा जोशी (1911 ते 1987) हे स्वतः मोठे गवई. त्यांनी व्हायोलिनवर गायकी उतरवली. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पावलावर टेकवतो, तारा षड्ज-पंचमात लावतो. क्रेमोनाच्या कारागिराने यातले काहीच कल्पिले नव्हते. त्याने वाद्य इतके चांगले बनवले की त्याच्या कल्पनेबाहेरचे संगीतही त्यात मावले. बनेश्वरच्या घंटेचेही तेच. चर्चची घंटा मनोऱ्यावरून गावाला वेळ सांगते आणि दूरच्या माणसांना बोलावते. देवळातली घंटा आत येणारा माणूस स्वतः वाजवतो आणि देवाला आपले येणे कळवतो. दोन्ही कामे वेगळी, जवळजवळ उलटी. तांब्यात पाचवा हिस्सा कथील घालून ओतलेल्या काशाच्या धातूला मात्र खणखणीत वाजणे एवढेच ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा आहे आणि तो जास्त खोल आहे. ते म्हणतील, पवित्र वस्तू ही साधी वस्तू नसते. घंटेला चर्चमध्ये बिशप पवित्र पाण्याने धुतो, अभिषेकाचे तेल लावतो, संताचे नाव देतो. मूर्तीची आपण प्राणप्रतिष्ठा करतो. अशा वस्तूत देव उतरलेलाच असतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. दोन्ही धर्मांत पावित्र्य देण्याचा विधी कारागिराचे काम संपल्यावर होतो, बहुधा वेगळ्या माणसाच्या हातून होतो. पाथरवटाने घडवलेली मूर्ती प्रतिष्ठेपूर्वी दगडच असते. ती बैलगाडीतून, आज टेम्पोतून, गवतात गुंडाळून आणतात आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. कारागीर कितीही भाविक असला तरी विधी टळत नाही, आणि तो अगदी नास्तिक असला तरी विधी अडत नाही. म्हणजे पावित्र्य घडवण्यातून येत नाही, समाजाने केलेल्या संस्कारातून आणि रोजच्या उपासनेतून येते, हे खुद्द धर्मशास्त्रांनीच गृहीत धरले आहे. मग ज्या समाजाने संस्कार केला त्याची उपासना थांबली आणि दुसऱ्याची सुरू झाली, तर घंटा दुसऱ्याची झाली.

‘झाली’ म्हणताना मात्र थांबले पाहिजे, कारण तिसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. व्हायोलिन विकत घेतले गेले, शिकले गेले, स्वीकारले गेले. घंटा लढाईत हिसकावली गेली. ज्या चर्चमध्ये ती वाजत होती तिथे येणारे सगळे पोर्तुगीज नव्हते. बहुतेक तिथलेच, मराठीच्या बोली बोलणारे लोक होते आणि त्यांचे वंशज आजही वसईत त्या बोली बोलतात. 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच वसईचे. तेव्हा ही घंटा म्हणजे परक्याकडून आणलेली विजयाची खूण, असे म्हणून विषय संपवणे म्हणजे आपल्याच माणसांचे नुकसान नजरेआड करणे आहे. माझ्या सिद्धांताचा वापर कुणी लुटीला सोवळे नेसवण्यासाठी करू नये. पोर्तुगिजांनी वसई आणि साष्टीत देवळांचे काय केले होते हे मला ठाऊक आहे. एका अन्यायाने दुसरा पुसला जातो असे मी मानत नाही. घंटा कुणाची, हा हक्काचा प्रश्न आहे. घंटेत कुणाचा देव आहे, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर इतिहास आणि न्याय देतील, आणि निदान एवढे तरी व्हावे की बनेश्वरला येणाऱ्याला ती कुठून, कशी आली ते पूर्ण सांगितले जावे, वसईकरांच्या बाजूसह. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलत नाही. उलट घंटेत येशू भरलेला असता तर पेशवाईतल्या कर्मठ ब्रह्मवृंदाने ती गाभाऱ्यासमोर लागू दिली नसती. त्यांनी लावली, म्हणजे धातू बाटत नाही हे त्यांनाही मान्य होते.

आणि इथे माझ्या मनातली खरी खंत येते. हे तत्त्व आपल्या समाजाने वस्तूंच्या बाबतीत कायम पाळले, माणसांच्या बाबतीत मोडले. पखवाजाला कातडे लागते. ते कमावणारा, ताणून बसवणारा हात बहुतेक ठिकाणी अस्पृश्य ठरवलेल्या जातीचा होता. पखवाज सभामंडपात गेला, हात बाहेर राहिला. कर्नाटक संगीतातल्या मृदंगाचीही हीच गोष्ट आहे, टी. एम. कृष्णा यांनी 2020 मध्ये मृदंग बनवणाऱ्यांवर लिहिलेल्या पुस्तकात ती सविस्तर आली आहे, आणि त्या कारागिरांतले अनेक दलित ख्रिस्ती आहेत. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले असे परंपरा सांगते. गावाला आत सुरक्षित ठेवणारी भिंत त्यांच्यासारख्यांनी बांधायची आणि स्वतः तिच्या बाहेर राहायचे. पंढरपूरला त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. ते महाद्वार त्यांच्या लोकांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. घडवणाऱ्याची जात वस्तूत उतरते असे मानणारे निदान सुसंगत राहिले असते, पखवाजही बाहेर ठेवला असता. त्यांनी तसे केले नाही. म्हणजे जात हातातून वस्तूत जात नाही हे त्यांना कळत होते, आणि जी गोष्ट हातातून कातड्यातही जात नाही ती माणसाच्या अंगाला चिकटलेली आहे असे तरीही ते म्हणत राहिले. या विसंगतीला शास्त्राचा कुठलाही अर्थ लावून उत्तर मिळत नाही.

मिरजेकडे पाहिले की हीच गोष्ट चांगल्या अर्थाने दिसते. तिथल्या तंबोऱ्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सांगतात. ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या मुसलमान घराण्यातले. तलवारीची मागणी संपत आली आणि तोच हात वाद्याकडे वळला. तंबोऱ्याचा भोपळा मंगळवेढ्याच्या परिसरातून येतो. तो वाळवून, कापून, तबली बसवून, दांडी जोडून झाली तरी तंबोरा अजून मुका असतो. घोडीचा माथा कानसेने अगदी किंचित उतरता करतात, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जागा शोधतात, आणि एका क्षणी तार आपल्या सगळ्या उपस्वरांसह गुंजायला लागते. ही जवारी. कानसेचा एक हात जास्त फिरला तर ती गेली, पुन्हा पहिल्यापासून लावायची. नमाज पढून आलेला कारागीर ती लावतो आणि त्या तंबोऱ्यावर पुढे अभंग गायला जातो, खयाल गायला जातो, आणि मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला हजेरी लावणारे गायकही त्यावरच स्वर धरतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन गावाला आणि कसबाला मिळाले, आणि ते योग्यच आहे, कारण वस्तूत तेवढेच सापडते.

शेवटचा आक्षेप वेगळ्या दिशेने येऊ शकतो. वस्तूवरून कर्त्याची श्रद्धा कळत नाही म्हणता, तर मग सृष्टीवरून ईश्वर तरी कसा कळणार? मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, न्यायकुसुमांजलीत ईश्वराची सिद्धी याच मडक्याच्या दृष्टांताने सुरू केली: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न असलेला कर्ता आहे. बौद्धांनी त्यावर हरकत घेतली की कुंभार आपण पाहिलेला असतो, जगाचा कर्ता कुणी पाहिलेला नाही. तो वाद शतकानुशतके चालला आणि इथे तो निकालात निघणार नाही. पण उदयनाचार्यांचा युक्तिवाद पूर्ण मानला तरी त्यातून एक कुशल कर्ता मिळतो. कुणी कुठल्या देवळात शिरावे याविषयीची त्याची आज्ञा मिळत नाही. हे त्यांना स्वतःला ठाऊक असावे, कारण वेदाच्या प्रामाण्यावरून निघणारे हेतू त्यांनी सृष्टीच्या कर्तृत्वाच्या हेतूपासून वेगळे दिले. आणि ईश्वरसिद्धीच्या हेतूंच्या त्याच यादीत त्यांनी आणखी एक हेतू दिला आहे, जो या विषयात मला सर्वांत जवळचा वाटतो. विणणे, मडकी घडवणे अशा परंपरेने चालत आलेल्या कला प्रत्येक पिढी मागच्या पिढीकडून शिकते. मागे मागे गेले तर कुणीतरी पहिला शिकवणारा हवा, आणि तो ईश्वर. त्या युक्तिवादात विणकर आहे, कुंभार आहे, हाताला लागलेले वळण आहे. शिकणाऱ्याने आधी कोणत्या देवाला नमस्कार करावा, अशी अट उदयनाचार्यांनी तिथे घातलेली नाही.